ऐन कापणीत आलेला हुकूम

इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाचं स्मारक नाही असं गाव सापडणं कठीण. बहुतेक ठिकाणी दगडी क्रॉस असतो आणि खाली नावांची यादी. ईस्ट यॉर्कशरमधल्या स्लेडमिअर गावातलं एक स्मारक मात्र वेगळं आहे. बुटका, गोल, जाडजूड दगडी खांब आणि त्याच्याभोवती पट्ट्यापट्ट्यांत कोरलेली चित्रं. चित्रांची सुरुवात रणांगणावर होत नाही, पिकात उभ्या असलेल्या माणसांपासून होते. मग हुकमाचा कागद, मग घरच्यांचा निरोप, मग समुद्र आणि त्यानंतर लढाई. हे स्मारक वॅगनवाल्यांचं आहे. वॅगनवाले म्हणजे घोडे जुंपून शेतातली चारचाकी गाडी हाकणारे गडी.

मी माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडची. नवऱ्याच्या नोकरीमुळे हल शहरात आले आणि इथल्या शेतीकडे बघायची सवय सुटली नाही. बेव्हर्लीच्या ‘ट्रेझर हाउस’मध्ये जिल्ह्याचं दफ्तर आहे. तिथे बसून मी १९१४ ते १९१८ या काळातली स्थानिक वर्तमानपत्रं वाचते आणि शेतमजुरांबद्दलचं जे सापडेल ते उतरवून घेते. हे काम मला कुणी सांगितलेलं नाही. आमच्याकडच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या माणसं पलटणीत गेली. त्यांच्या मागे शेत कोणी केलं हा प्रश्न मला लहानपणापासून छळतो. तिकडे त्याचं उत्तर लिहून ठेवलेलं नाही. इथे थोडंफार आहे.

आधी वोल्ड्सच्या शेतीबद्दल सांगते, कारण ती समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वोल्ड्स म्हणजे स्लेडमिअरच्या आसपासच्या खडूच्या बुटक्या टेकड्या. मोठमोठी शेतं, गावं लांब लांब. गहू, सातू, ओट, सलगम आणि मेंढ्या. घोड्यांची सगळी कामं बिनलग्नाची पोरं करायची. तेरा-चौदाव्या वर्षी पोरगा कामाला लागायचा आणि शेतावरच, मुकादमाच्या घरात राहायचा. जेवणखाण तिथेच. नोव्हेंबरात मार्टिनमास या सणाच्या सुमाराला तालुक्याच्या गावी गड्यांचा बाजार भरायचा. तिथे मालक आणि पोरगा समोरासमोर सौदा करायचे, बयाणा म्हणून एक नाणं हातावर पडायचं आणि वर्ष बांधलं जायचं. पगार वर्षाच्या शेवटी. आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो, तसंच हे. यांच्यातही उतरंड होती: सगळ्यात वर मुख्य वॅगनवाला, त्याच्याखाली तिसरा, चौथा, आणि शेवटी सगळ्यात धाकटा. जेवायला बसायचं तेही त्याच क्रमाने आणि सकाळी तबेल्यातून घोडे बाहेर काढायचे तेही त्याच क्रमाने.

इथल्या वॅगनला मधोमध एक लांब दांडी असायची आणि हाकणारा वर बसायचा नाही. डाव्या घोड्यावर स्वार होऊन, एकाच कासऱ्यावर तो सगळं जोत चालवायचा. स्लेडमिअरचे जमीनदार सर मार्क साइक्स यांनी हे हेरलं. सैन्यातल्या मालगाड्या आणि तोफगाड्या साधारण अशाच हाकतात, मग या पोरांना वेगळं काय शिकवायचं? त्यांनी युद्धखात्यामागे लकडा लावला आणि १९१३ साली वॅगनवाल्यांची राखीव फौज उभी राहिली. हजाराहून जास्त जणांनी नावं दिली. वर्षाला एक पौंड मिळायचा. कवायत नाही, छावणी नाही. लढाई लागली तर यायचं, एवढंच. पोरांची भरती व्हावी म्हणून फिंबरच्या माळावर गाड्या हाकण्याच्या स्पर्धाही झाल्या. वर्षभराच्या मजुरीत तो एक पौंड फुकटात पडल्यासारखाच होता आणि इथे कुणालाच लढाई दिसत नव्हती.

(हे तेच साइक्स, ज्यांच्या नावाचा साइक्स-पिको करार, म्हणजे इंग्लंड-फ्रान्सने तुर्की साम्राज्यातला अरब मुलूख आपसांत वाटून घ्यायचा करार, इराक आणि सीरियाच्या इतिहासात येतो. तो करार मे १९१६ चा. त्याच्या थोडंच आधी, २९ एप्रिलला, इराकमधल्या कुतच्या वेढ्यात इंग्रजी फौज शरण गेली, आणि त्या फौजेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. या दोन गोष्टी एका महिन्याच्या आत घडल्या हे लक्षात आलं तेव्हा मी दफ्तरातलं जुनी वर्तमानपत्रं वाचायचं मशीन बंद करून बाहेर फिरून आले.)

४ ऑगस्ट १९१४ ला इंग्लंडने युद्ध पुकारलं आणि दुसऱ्या दिवसापासून वॅगनवाल्यांना हुकूम निघाले. ऑगस्ट म्हणजे कापणीचं तोंड. घोडे, बाइंडर म्हणजे पीक कापून पेंढ्या बांधणारं यंत्र, दोऱ्या, सगळं तयार. अशा वेळी पोस्टमन रानात आला. नोव्हेंबर ते नोव्हेंबर असा बांधलेला सालगडी, साल पुरं व्हायला तीन महिने बाकी असताना, घोडे सोडून चालता झाला. काही आठवड्यांत ही पोरं फ्रान्समध्ये होती. बंदूक कशी धरायची हे त्यांतल्या कित्येकांना कुणी शिकवलंच नव्हतं. घोडेही गेले. पहिल्या काही आठवड्यांतच सैन्याने देशभरातून लाखाहून अधिक घोडे उचलले, आणि त्यांत कामाचे, तरणे, दमदार घोडे आधी गेले.

ही सक्तीची भरती नव्हे, हे खरं. पोरांनी सह्या केल्या होत्या. त्यानंतर दीड वर्षं सगळं स्वेच्छेनेच चाललं. सक्ती आली १९१६ मध्ये. २७ जानेवारीला कायदा मंजूर झाला, २ मार्चपासून लागू. पहिल्या फेरीत १८ ते ४१ वयाचे अविवाहित आणि मूल नसलेले विधुर. मे महिन्यात विवाहितही आले.

लंडनमधल्या माणसाला अविवाहितांना आधी न्यायचं हे न्यायाचंच वाटलं असेल. बायकापोरं आहेत त्यांना मागे ठेवा, यात चूक काय? पण वोल्ड्सवर बायकापोरं असलेला माणूस मेंढ्या बघायचा, कुंपण लावायचा, खंदक उपसायचा. घोडा बिनलग्नाच्या पोराच्या हातात होता. म्हणजे कायद्याने जो निकष लावला, त्याने नेमका नांगर आणि गाडी यांच्यावरच बोट ठेवलं. असा कागद मंजूर करणाऱ्यांना शेत कसं चालतं ते ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण सगळ्या देशाला एकच फूटपट्टी लावली की असंच होतं.

सूट मागायची सोय होती. प्रत्येक भागात ट्रायब्युनल नेमलेलं: गावातली पाच-दहा प्रतिष्ठित माणसं, आणि त्यांच्यासमोर सैन्याचा प्रतिनिधी. मालक किंवा मजूर अर्ज करायचा, प्रश्नोत्तरं व्हायची, निकाल लागायचा. वर्तमानपत्रांत याचे रकानेच्या रकाने आहेत. नाव बऱ्याचदा दिलेलं नसतं. ‘एक शेतकरी, त्याचा वॅगनवाला’ एवढंच. वाचताना मला सगळ्यात जास्त काय दिसतं सांगू? मोजणी. किती एकर, त्यातलं नांगराखाली किती, घोडे किती, गाई किती, गडी किती, त्यांतले गेले किती. या मोजणीसाठी सरकारने प्रमाणच ठरवून दिलं होतं: शेतीला लागणाऱ्या घोड्यांच्या एका जोतामागे एक धट्टाकट्टा माणूस, २० दुभत्या गाईंमागे एक, बंदिस्त रानातल्या २०० मेंढ्यांमागे एक, डोंगरावरच्या ८०० मेंढ्यांमागे एक. त्याहून जास्त माणूस शेतावर दिसला की सैन्याचा प्रतिनिधी तो मागायचा.

आणि त्यावर मालकाचं म्हणणं ठरलेलं असायचं. माणूस न्यायचा तर न्या, पण कापणी होऊ द्या. ट्रायब्युनलचे निकालही तसेच. सप्टेंबरअखेरपर्यंत सूट, कापणी संपेपर्यंत सूट, किंवा ‘बदली माणूस मिळेपर्यंत’. या तिसऱ्या प्रकारावरच मला खरं बोलायचं आहे.

१९१६ च्या शरदात सरकारने रीतसर बदलीची योजना काढली. शेतावरचा तंदुरुस्त गडी सैन्याने घ्यायचा आणि त्याच्या जागी आघाडीवर जायला नालायक ठरलेला सैनिक द्यायचा. कमी दिसणारा, फुफ्फुसं बिघडलेला, जखमी होऊन परत आलेला. पुढे १९१७ मध्ये ‘लेबर कोअर’च्या, म्हणजे सैन्याच्या मजूर दलाच्या, खास शेतीच्या कंपन्याच तयार झाल्या. कागदावर हिशेब चोख: एक गेला, एक आला. पण जो आला तो लिड्सच्या दुकानात कापड मोजणारा किंवा एखाद्या कचेरीतला कारकून असायचा. अशा माणसाला मालक तबेल्यात घेऊन गेला आणि दोन घोडे त्याच्या हवाली केले, तर काय होणार? घोडा माणूस ओळखतो. त्याला पहाटे दाणापाणी केव्हा द्यायचं, कुठला घोडा कुठल्या अंगाला जुंपला की शांत राहतो, ओल्या चढावर गाडी भरलेली असताना कुठे दम द्यायचा, हे वर्षानुवर्षं तिसरा, चौथा, धाकटा अशा पायऱ्या चढून शिकलेलं असतं. शिकवणारा वरचा पोरगाही निघून गेलेला.

मला हे इतकं जवळचं का वाटतं, तर आमच्या आप्पांचे बैल. आप्पा आजारी पडले त्या वर्षी ज्वारीच्या पेरणीला भावकीतला एक चांगला कर्ता माणूस आला होता. त्याच्या घरी स्वतःचे बैल होते, पाभर धरण्यात तो आप्पांपेक्षा सरस होता. तरी आमच्या खिल्लाऱ्याने त्याला पहिल्या तासातच बांधावर नेऊन उभं केलं. आई पुढे जाऊन बैलाशी बोलली तेव्हा तो चालला. आणि हा तर शेतकऱ्याच्या जागी शेतकरी होता.

वोल्ड्सच्या कापणीत एकेका दिवसाची किंमत काय होती ते बघा. बाइंडर तीन घोडे ओढतात. त्याच्या आधी रानाच्या कडेने विळ्याने वाट मोकळी करावी लागते, नाहीतर घोडे उभं पीक तुडवतात. बाइंडर पेंढ्या बांधून टाकत जातो, त्या मागून चालणाऱ्यांनी उचलून एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या. त्या वाळल्या की वॅगनने वाड्यावर आणायच्या, गंजी रचायच्या, गंजीवर पेंढ्याचं छप्पर घालायचं. मळणी पुढे हिवाळ्यात, वाफेच्या यंत्रावर, आणि तिथेही दहा-बारा जण लागतात. यातलं एक माणूस कमी पडलं तर सगळी साखळी थांबते. इथे ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस कधीही येतो. पेंढ्या रानात भिजल्या की कणसालाच मोड फुटतात. ‘एका माणसाने दोन दिवस जास्त काम करू दे’ हे उत्तर कापणीला चालत नाही.

पूर्वी अशा वेळी आयर्लंडहून कापणीची माणसं टोळ्या करून यायची. आयर्लंडला सक्तीचा कायदा लागू नव्हता. तरी इंग्लंडात पाय ठेवला की धरून पलटणीत घालतील ही भीती तिथल्या गावांत बसली. सरकारने हंगामी मजुरांना हात लावणार नाही असं सांगूनही ती पुरती गेली नाही.

मग जे मिळेल त्याने कापणी झाली. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शाळेतून सोडलं. छावण्यांतल्या सैनिकांना काही आठवडे रजा दिली. पुढे जर्मन युद्धकैदीही शेतावर आले, १९१८ च्या अखेरीस त्यांची संख्या ३०,००० च्या आसपास होती. १९१७ च्या सुरुवातीला, पाणबुड्या गव्हाची जहाजं बुडवत होत्या तेव्हा, ‘विमेन्स लँड आर्मी’, म्हणजे शेतीकामासाठी बायकांचं दल, निघाली. ब्रिटनच्या गव्हातला सुमारे चार-पंचमांश बाहेरून यायचा, त्यामुळे पोटाचीच भीती होती. लँड आर्मीत सुमारे २३,००० मुली भरती झाल्या. ब्रीचेस, बूट, टोपी घातलेल्या त्या मुलींचे फोटो आजही संग्रहालयांत मोठे करून लावतात. त्या मुलींबद्दल मला आदर आहे. पण गावातल्याच बायका, ज्यांनी रोजंदारीवर पेंढ्या उचलल्या, बटाटे काढले, गाई पिळल्या, त्यांची संख्या यांच्या कितीतरी पट होती आणि त्यांना गणवेश नव्हता म्हणून त्यांचे फोटो नाहीत. आमच्या माणमध्ये पुरुष पलटणीत, पोलिसांत नाहीतर मुंबईला. खुरपणी, काढणी, मळणी बायकांनी आणि म्हाताऱ्यांनीच केली, सावड करून, आज तुझ्या रानात उद्या माझ्या. तिचा कुणी हिशेब ठेवला नाही, कारण तिच्यात पैसा फिरला नाही.

सगळ्यात कठीण क्षण १९१८ चा. २१ मार्चला जर्मनांनी मोठा हल्ला केला आणि इंग्रजी आघाडी मागे रेटली गेली. एप्रिलमध्ये वयाची मर्यादा पन्नाशीपर्यंत वाढवली आणि शेतीतून आणखी ३०,००० तंदुरुस्त माणसं जूनअखेरपर्यंत द्या असा हुकूम निघाला. जिल्ह्याजिल्ह्याला आकडा वाटून दिला. आकडा पुरा करायचा कोणी? ज्या शेतकरी समित्या वर्षभर गवताळ रानं मोडून गहू लावा म्हणून शेतकऱ्यांच्या मागे लागल्या होत्या, त्यांनीच. एका हाताने जास्त नांगरा म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने नांगऱ्या उचलून द्यायचा. आकडा शेवटपर्यंत पुरा झाला नाही.

यावर काही इतिहासकार म्हणतात की शेतकऱ्यांनी मजुरांच्या टंचाईचा बाऊ केला. त्यांचा पुरावा भक्कम आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये गव्हाखालची जमीन १९१४ मध्ये सुमारे १८ लाख एकर होती, ती १९१८ मध्ये २५ लाखांच्या वर गेली. माणसं नसती तर हे कसं झालं असतं? हे मला मान्य आहे. मालकांनी आपल्या पोरांना वाचवण्यासाठी मजुराचं नाव पुढे केल्याच्या तक्रारी त्या काळीही झाल्या, आणि मला त्या खोट्या वाटत नाहीत. पण गहू झाला म्हणजे त्रास झालाच नाही, असं त्यातून निघत नाही. तो कोणाच्या पाठीवरून झाला हे एकराच्या आकड्यात दिसत नाही. बारा वर्षांच्या पोराने तीन घोडे सांभाळले, साठीच्या माणसाने गंजीवर चढून छप्पर घातलं, आणि आकडा भरला. या सगळ्यातून मजुराच्या पदरात एक गोष्ट पडली. १९१७ च्या कायद्याने शेतमजुराला आठवड्याला किमान २५ शिलिंग मिळायलाच हवेत असं ठरलं. गडी दुर्मीळ झाला तेव्हाच त्याची किंमत कुणाला तरी दिसली, याचं मला वाईट वाटतं.

शिवकाळात फौज पावसाळ्यात छावणीला यायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेला निघायची. तोवर बाजरी हाताशी आलेली असते. रब्बीची पेरणी तेव्हाही मागे राहिलेल्यांवरच पडत असणार, त्यामुळे ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणत नाही. पण लढाईने निदान नक्षत्रं बघितली. वॅगनवाल्यांना आलेल्या हुकमाने फक्त तारीख बघितली.

ट्रायब्युनलचे मूळ कागद आज फारसे उरलेले नाहीत. युद्धानंतर ते नष्ट करा असा सरकारी आदेशच होता. इंग्लंडमधले मिडलसेक्सचे आणि स्कॉटलंडमधले एका भागाचे नमुन्यादाखल ठेवले, बाकी कुठे कुणाच्या कपाटात चुकून राहिले तेवढेच. म्हणून मी वर्तमानपत्रांचे रकाने उतरवते.

आपल्याकडे सक्तीचा कायदा झाला नाही. पंजाबात मात्र गावागावाला आकडे ठरवून दिले आणि जबरदस्तीने माणसं नेली, त्याच्या चौकश्याही पुढे झाल्या. साताऱ्यात, रत्नागिरीत लोक दुष्काळामुळे आणि पगारासाठी गेले. गावोगाव संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतके पडले. दोन आकडे, बस्. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर तिचा फोटो मला पाठवा. त्याहून जास्त मला हवं आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून: पाटीवरचा माणूस गेला त्या वर्षी तुमच्या घरी पाभर कोणी धरली, खळं कोणी केलं, बैल विकले की ठेवले, मुलगा कितव्या वर्षी औताला लागला. नाव आठवत नसेल तर नातं लिहा. आत्या, थोरली जाऊ, शेजारचा म्हातारा, काहीही चालेल.